छायाचित्राच्या पोटांतील नोंद

पूर्वीं घरांतील भिंतीवरची तसबीर उतरवून पालथी केली, तर पुठ्ठ्यावर पेन्सिलीनें लिहिलेल्या दोन-चार ओळी बहुधा सांपडत. तसबीर कोणाची, कोणत्या गांवीं काढली, साल कोणतें. आणि कोपऱ्यांत छायाचित्रकाराच्या दुकानाचा शिक्का. पुढची बाजू डोळ्यांसाठीं आणि मागची बाजू स्मरणासाठीं, अशी ती वांटणी होती. आजच्या मोबाइल फोनानें काढलेल्या छायाचित्रास पाठ नाहीं. तरी पाठीवरची ओळ नाहींशी झालेली नाहीं. ती चित्राच्या पोटांत गेली आहे, आणि ती लिहिणारा हात माणसाचा न राहतां यंत्राचा झाला आहे. ही आंतली नोंद म्हणजे काय, ती बदलतां कशी येते, आणि बदलण्याचा अधिकार कोठपर्यंत पोहोंचतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा विषय पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण ह्या औद्योगिक पट्ट्यांतील लोकांच्या नित्य व्यवहारांत शिरलेला आहे. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना उभा राहिला; १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें; भोसरी-आकुर्डीकडील वसाहत वाढत जाऊन १९८२ सालीं पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली; आणि २००९ पर्यंत मोटारींचे मोठे कारखाने चाकणच्या माळापर्यंत जाऊन पोहोंचले. कारखान्यांचा सारा व्यवहार पूर्वीं कागदावर चालत असे: चलन, गेटपास, हजेरीपट, मालाची पावती. आज त्या कागदाला छायाचित्राची जोड लागते. ट्रकचालक माल उतरविल्यावर पेट्यांचें छायाचित्र काढून मालकास पाठवितो. भोसरीच्या लहानशा वर्कशॉपांतून गेलेल्या जॉबांत भेग सांपडली, तर मोठ्या कारखान्याचा तपासनीस त्या भेगेचें छायाचित्र जोडून माल परत करतो. गटाराचें काम पुरें झालें हें दाखवावयास कंत्राटदार छायाचित्र काढतो, आणि तें पुरें झालें नाहीं हें दाखवावयास नागरिकही छायाचित्रच काढतो. चाकण ज्या खेड तालुक्यांत आहे तेथला शेतकरीही ह्यांतून सुटलेला नाहीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणींत तो स्वतः शेतांत उभा राहून पिकाचें छायाचित्र काढतो. त्याबरोबर तेथले अक्षांश-रेखांश नोंदले जातात, आणि पूर्वीं तलाठ्यानें भरावयाची सात-बारावरील पिकाची नोंद त्यावरून होते.

अशा ठिकाणीं चित्र चांगलें आलें कीं वाईट, हा प्रश्न गौण असतो. तें केव्हां आणि कोठें काढलें हें पाहावयाचें असतें. आणि त्याचें उत्तर पुष्कळदां चित्रांतून मिळत नाहीं, नोंदींतून मिळतें. कोणाचें बिल अडकावयाचें, कोणाची मजुरी कापावयाची, कोणाच्या शेतांत पीक होतें असें मानावयाचें, हें त्या नोंदीवर अवलंबून राहूं लागलें आहे. म्हणून ती ओळखून घेणें हें आतां केवळ छायाचित्रकारांचें काम राहिलेलें नाहीं.

ह्या नोंदीला मेटाडेटा म्हणतात. म्हणजे माहितीविषयीची माहिती. छायाचित्रांच्या बाबतींत तिचा जो सांचा सर्वत्र रूढ आहे त्याचें नांव एक्झिफ. १९९५ सालीं जपानांतील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या एका संघटनेनें तो प्रथम ठरविला. फिल्मवांचून चालणारे कॅमेरे त्या सुमारास बाजारांत येऊं लागले होते, आणि एका कंपनीच्या कॅमेऱ्याचें चित्र दुसऱ्या कंपनीच्या यंत्रास नीट वाचतां यावें, हा त्यामागचा मुख्य हेतु होता. न्यायालयांत साक्ष देण्यासाठीं हा सांचा घडविलेला नव्हता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पुढच्या बहुतेक घोटाळ्यांचें मूळ तेथेंच आहे. ह्याखेरीज वृत्तपत्रांच्या सोयीसाठीं मथळा व श्रेय लिहिण्याची आयपीटीसी नांवाची एक पद्धति आहे, आणि अडोबी कंपनीनें २००१ सालीं काढलेली एक्सएमपी नांवाची तिसरी आहे. एकाच चित्राच्या पोटांत ह्या तिन्ही नोंदी एकाच वेळीं नांदूं शकतात.

छायाचित्राची फाइल म्हणजे अंकांची एक लांब ओळ असते. तिच्या आरंभींच, प्रत्यक्ष चित्राच्या आधीं, एक्झिफची नोंद बसविलेली असते. तिच्यांत लहान लहान रकाने असून प्रत्येक रकान्यास क्रमांक दिलेला असतो. २७१ व्या रकान्यांत कॅमेरा बनविणाऱ्या कंपनीचें नांव, २७२ मध्यें त्याचा नमुना, ३०६ मध्यें फाइल शेवटीं बदलल्याची वेळ, ३६८६७ मध्यें दृश्य मुळांत टिपल्याची वेळ, आणि ३६८६८ मध्यें तें अंकरूप झाल्याची वेळ. ३४८५३ हा क्रमांक एका पोटकोष्टकाकडे नेतो. त्यांत ठिकाण असतें. तारीख लिहिण्याची रीत ठरलेली आहे: आधीं वर्ष, मग महिना, दिवस, तास, मिनिट आणि सेकंद, मिळून एकोणीस अक्षरें. शिवाय पुष्कळ चित्रांत त्याच चित्राची नखाएवढी एक छोटी प्रतही आंत ठेवलेली असते.

ठिकाण लिहिलें जातें तें अंश, कला व विकला ह्यांत. चाकण गांव उत्तर अक्षांश १८ अंश ४५ कला व पूर्व रेखांश ७३ अंश ५१ कला ह्यांच्या आसपास आहे. अक्षांशाची एक कला म्हणजे जमिनीवर सुमारें १.८५ किलोमीटर, आणि एक विकला म्हणजे सुमारें ३१ मीटर. नोंदींत विकलेचेही अपूर्णांक लिहिलेले असतात. उघड्या आकाशाखालीं मोबाइल फोन आपलें स्थान कांहीं मीटरपर्यंत बरोबर सांगतो. म्हणजे त्या नोंदीवरून गांव किंवा आळी तर समजतेच, पण घरही समजतें.

यंत्रानें लिहिलेली नोंद खरीच असणार, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक कॅमेऱ्याला वेळ कळत नाहीं. त्याला आपल्या पोटांतलें घड्याळ तेवढें कळतें. तें घड्याळ चुकीचें लावलें असेल तर तो मोठ्या निष्ठेनें चुकीची वेळ लिहितो. जर्मनींतून चाकणच्या कारखान्यांत आलेल्या एकाद्या इंजिनियरानें आपल्या कॅमेऱ्याचें घड्याळ बदललें नाहीं, तर हिवाळ्यांत त्याच्या चित्रांवर साडेचार तास, आणि उन्हाळ्यांत साडेतीन तास मागची वेळ पडते. डिसेंबरांत दुपारीं साडेचारला दिसलेला बिघाड नोंदींत दुपारीं बाराचा होतो, आणि दुसऱ्या पाळीची चूक पहिल्या पाळीच्या माथीं बसते. ही वेळ कोणत्या देशाची, हें लिहिण्याचा रकाना एक्झिफमध्यें २०१६ सालीं आला. त्यापूर्वींच्या चित्रांत तो सांपडावयाचा नाहीं. ठिकाणाचेंही तसेंच. पत्र्याच्या मोठ्या शेडखालीं उपग्रहाचे संदेश नीट पोहोंचत नाहींत, आणि मग फोन मोबाइलच्या मनोऱ्यांवरून अंदाज करतो किंवा मघाचेंच ठिकाण धरून बसतो. मनुष्य शेडमध्यें असतां नोंद त्याला रस्त्यावर उभा करते, आणि ह्यांत कोणाचीही लबाडी नसते.

कांहीं कॅमेऱ्यांची बॅटरी फार दिवस काढून ठेवली कीं घड्याळ आरंभींच्या तारखेवर, बहुधा एकाद्या वर्षाच्या १ जानेवारीवर, जाऊन थांबतें. महाराष्ट्रांतील शाळांशीं परिचय असणाऱ्यास ह्याचें नवल वाटणार नाहीं. मागील पिढीच्या शाळेच्या रजिस्टरांत १ जून ही जन्मतारीख इतक्या विद्यार्थ्यांच्या नांवापुढें आढळते कीं, जणूं अर्धें गांव एकाच दिवशीं जन्मलें असावें. कारण उघड आहे. शाळा जूनमध्यें उघडत, आईबापांना तारीख सांगतां येत नसे, आणि रकाना रिकामा ठेवण्याची सोय नव्हती. मास्तरांनीं सोयीची तारीख लिहिली, आणि पुढें नोकरी, बढती व निवृत्ति ह्या साऱ्या गोष्टी त्या तारखेवर ठरल्या. यंत्राची १ जानेवारी आणि शाळेची १ जून ह्या सख्ख्या बहिणी आहेत. ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक असल्याच्या थाटांत लिहिली, म्हणजे कालांतरानें तीच खरी होऊन बसते.

ह्या बाबतींत एक्झिफचा नियम अधिक प्रामाणिक आहे. तारीख ठाऊक नसेल तर अक्षरांच्या जागा कोऱ्या सोडाव्यात, असें त्यांत स्पष्ट सांगितलें आहे. अज्ञान कबूल करण्याची जागा नियमानेंच राखून ठेवली आहे. तिचा उपयोग मात्र क्वचितच होतो.

एवढ्यावरून दिसून येईल कीं, नोंद बदलणें हें प्रत्येक वेळीं पाप नव्हे. कित्येकदां न बदलणें हीच चूक ठरते. एका लग्नांत तीन कॅमेरे चालले आणि त्यांतील एकाचें घड्याळ तासभर मागें असलें, तर सारीं चित्रें एकत्र लावल्यावर मंगलाष्टकांच्या आधींच सप्तपदी होते. अशा वेळीं त्या एका कॅमेऱ्याच्या सर्व चित्रांची वेळ एकाच अंतरानें पुढें सरकविणें हें शुद्ध काम आहे. त्यासाठीं साधनेंही सहज मिळतात. कॅनडांतील फिल हार्वी ह्यांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेलें एक्झिफटूल हें त्यांत विशेष नांवाजलेलें असून तें विनामूल्य आहे. शेंकडों चित्रांच्या वेळा तें एका आज्ञेनें सरकवितें. विंडोज संगणकावर फाइलीच्या गुणधर्मांच्या पटलांतही कांहीं रकाने वाचतां, लिहितां व पुसतां येतात. मात्र चित्रें साठविणारे कांहीं कार्यक्रम नवी तारीख स्वतःच्या वहींत लिहितात आणि चित्राच्या पोटांतली जुनी तशीच ठेवतात. चित्र तेथून बाहेर काढलें कीं जुनी तारीख पुन्हा डोकें वर काढते. म्हणून दुरुस्ती कोठें झाली हें तपासून पाहावें.

जुन्या छायाचित्रांच्या बाबतींत ह्या दुरुस्तीचें मोल अधिक आहे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांत पूर आला. त्या दिवसाचें एकादें छायाचित्र कोणाच्या घरीं असलें आणि त्यांनीं तें २०२० सालीं यंत्रावर ठेवून अंकरूप करून घेतलें, तर त्याच्या पोटांत २०२० हें साल पडूं शकतें. शंभर वर्षांनीं तें पाहणाऱ्यास पूर कोणत्या सालचा, हें कोण सांगणार? दोन निरनिराळे रकाने ठेवण्याचा उपयोग येथें कळतो. दृश्य टिपल्याच्या रकान्यांत १९६१ लिहावें, आणि अंकरूप झाल्याच्या रकान्यांत २०२० तसेंच राहूं द्यावें. दोन्ही तारखा खऱ्या आहेत, आणि दोन्ही मिळून चित्राचा इतिहास होतात. शिवाय २७० क्रमांकाचा रकाना वर्णनासाठीं मोकळा असतो. चित्रांत कोण आहे, प्रसंग कोणता, हें यंत्राला ठाऊक नसतें. तें घरांतल्या वडील मनुष्यानेंच सांगावयाचें असतें. एक्झिफच्या २०२३ सालच्या आवृत्तीनें असल्या मजकुराला जगांतील सर्व लिप्यांचीं दारें उघडलीं आहेत; तेव्हां हें वर्णन देवनागरींत लिहिण्यासही नियमाची आडकाठी उरलेली नाहीं. नोकरीसाठीं सातारा, सोलापूर, मराठवाडा, विदर्भ अशा ठिकाणांहून येऊन चिंचवड-आकुर्डीस स्थायिक झालेल्या कुटुंबांत कारखान्याच्या दारासमोर उभ्या असलेल्या वडिलांचें एकादें छायाचित्र हमखास असतें. सांगणारें माणूस आहे तोंवर ह्या रकान्याचा उपयोग करून घेणें शहाणपणाचें होय.

नोंद बदलण्याचें दुसरें न्याय्य कारण म्हणजे खाजगी जीवनाचें रक्षण. डिसेंबर २०१२ मध्यें संगणक-क्षेत्रांतील प्रसिद्ध उद्योजक जॉन मॅकॅफी हे बेलीझ देशांतून निघून लपून राहिले होते. त्यांना भेटलेल्या एका नियतकालिकाच्या मंडळींनीं त्यांचें छायाचित्र प्रसिद्ध केलें. चित्रांत ठिकाण ओळखूं येण्याजोगें कांहींच नव्हतें. परंतु पोटांतील नोंदींत अक्षांश-रेखांश जसेच्या तसे राहिले होते, आणि त्यावरून ते ग्वाटेमालांत आहेत हें जगास तत्काळ समजलें. लपण्याचें कारण नसलेल्या साध्या गृहस्थालाही ह्यापासून बोध घेतां येईल. जुनें कपाट विकावयाचें म्हणून घरांत काढलेलें त्याचें छायाचित्र, किंवा मुलगी शाळेच्या गणवेषांत दारांत उभी असतांनाचें छायाचित्र, ठिकाणाच्या नोंदीसकट अनोळखी हातांत गेलें, तर घराचा पत्ता त्याबरोबर गेला. कारखान्यांनीं हा धोका आधींच ओळखला आहे. ह्या पट्ट्यांतील कित्येक कारखान्यांच्या दारावर आंत जाणाऱ्याच्या फोनाच्या भिंगावर चिकटपट्टी लावतात. कारण नव्या नमुन्याच्या गाडीचें एक चित्र बाहेर गेलें, तर कित्येक वर्षांच्या परिश्रमांचें गुपित फुटतें.

उपाय फारसे कठीण नाहींत. फोनाच्या कॅमेऱ्यास ठिकाण नोंदण्याची दिलेली परवानगी काढून घेतां येते. व्हॉट्सॲपवरून छायाचित्र साध्या रीतीनें पाठविलें, तर पाठवितांना नोंद गळून पडते. तेंच कागदपत्र म्हणून पाठविलें, तर नोंद बरोबर जाते. ही गोष्ट दोन्ही बाजूंनीं उपयोगी आहे. नातेवाइकांस पाठवावयाचें असेल तर पहिली रीत बरी. पुरावा म्हणून पाठवावयाचें असेल तर दुसरीच हवी. पुष्कळ लहान उद्योजक सदोष मालाचें चित्र पहिल्या रीतीनें पाठवितात, मूळ चित्र फोनांतून पुसून टाकतात, आणि सहा महिन्यांनीं वाद उभा राहिला म्हणजे त्यांच्या हातांत तारीख नसलेलें चित्र उरतें.

आतां तिसरा प्रकार. काम १० तारखेस झालें असतां तें ५ तारखेस झालें असें दाखविण्यासाठीं नोंद बदलणें. यंत्राच्या दृष्टीनें ह्यांत आणि लग्नाच्या चित्रांच्या दुरुस्तींत कांहींच भेद नाहीं. तीच साधनें, तेच रकाने. एक्झिफला कुलूप नाहीं आणि मोहोरही नाहीं. तारखेचीं अक्षरें नेहमीं एकोणीसच असल्यामुळें एका अंकाच्या जागीं दुसरा अंक बसविला, तरी चित्राला ओरखडा उमटत नाहीं. भेद आहे तो हेतूंत, आणि बदल सांगितला कीं लपविला ह्यांत.

तथापि लबाडी वाटते तितकी सोपी नसते. नोंदींतील रकाने एकमेकांस ओळखतात. ठिकाणाच्या पोटकोष्टकांत उपग्रहाकडून आलेली वेळ निराळी लिहिलेली असूं शकते, आणि ती जागतिक वेळ असते. भारतीय वेळ तिच्या साडेपांच तास पुढें. चित्रावर दुपारचे चार वाजले असतील तर ह्या रकान्यांत साडेदहा असावयास पाहिजेत. एक वेळ बदलून दुसरी विसरली, कीं दोन साक्षीदार एकमेकांविरुद्ध बोलूं लागतात. एक्झिफमधील तारीख बदलली आणि एक्सएमपीमधील तशीच राहिली, तरी तेंच. कांहीं कार्यक्रम चित्र बदलल्यावर आपलें नांव ३०५ व्या रकान्यांत सोडून जातात. चित्राची कड कापून एकादी वस्तु वगळली, आणि आंतली नखाएवढी प्रत जुनीच राहिली, तर वगळलेली वस्तु तींत दिसते.

आणि सर्व रकाने जुळविले तरी सूर्य कोणाच्या हातांत नाहीं. पिंपरी-चिंचवडच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यास सूर्य दुपारीं साडेबाराच्या सुमारास बरोबर डोक्यावर येतो, आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायांतच राहते. डिसेंबराच्या अखेरीस मध्यान्हींही सावली खांबाच्या उंचीच्या नऊ-दशांश इतकी लांब असते. मे महिन्याच्या मध्यान्हीं काढलेलें म्हणून दाखविलेल्या चित्रांत लांब सावली पडली असेल, तर पोटांतील नोंद कांहींही म्हणो, तिच्यावर विश्वास ठेवण्याचें कारण नाहीं. इतिहाससंशोधक जुना कागद तपासतांना केवळ त्यावरील मितीवर भिस्त ठेवीत नाहींत. कागद, शाई, वळण, शिक्का व मजकुरांतील प्रसंग हे मितीशीं जुळतात कीं नाहीं तें पाहतात. इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनीं १९१० सालीं पुण्यास ज्या भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली, त्या परंपरेंतील अभ्यासकास ही पद्धति नवी वाटणार नाहीं.

परंतु ह्याहून कठीण असा एक प्रकार आहे. त्यांत नोंद खरी असते आणि चित्रच खोटें असतें. ग्रामीण रोजगार हमीच्या कामांवर मजुरांची हजेरी ठिकाणासह छायाचित्रानें घेण्याची पद्धति २०२१ सालीं सुरू झाली, आणि १ जानेवारी २०२३ पासून ती सक्तीची झाली. जुलै २०२५ मध्यें केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेंच दाखवून दिलें कीं, कांहीं ठिकाणीं कामाशीं संबंध नसलेलीं चित्रें चढविलीं जात होतीं, आणि कांहीं ठिकाणीं तर छायाचित्राचेंच पुन्हा छायाचित्र काढलें जात होतें. जागा खरी, वेळ खरी, आणि समोर माणसांऐवजीं माणसांचें चित्र! असल्या लबाडीचा भार अखेर प्रामाणिक मजुरावर पडतो. एका ठिकाणीं खोटें चित्र सांपडलें, कीं तपासणी दहा ठिकाणीं कडक होते, आणि ज्यानें खरोखर खड्डा खणला त्याच्याही चित्राकडे संशयानें पाहिलें जातें. खोट्या नाण्यानें खऱ्याची किंमत उतरते, तसाच हा प्रकार आहे.

न्यायालयांना ह्या प्रश्नाचा विचार पूर्वींच करावा लागला आहे, आणि त्यांतील एक महत्त्वाचा खटला महाराष्ट्रांतलाच आहे. २०१४ सालीं जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकींत २७ सप्टेंबर हा उमेदवारी अर्जाचा अखेरचा दिवस असून दुपारीं तीनची मुदत होती. अर्ज तीननंतर आला कीं आधीं, ह्यावर वाद झाला. निर्णय-अधिकाऱ्याच्या कचेरींत सरकारी रीतीप्रमाणें चलच्चित्रण चाललेलें होतें, आणि घड्याळ काय सांगत होतें हें त्यांत दिसत होतें. परंतु त्या चित्रणाच्या प्रतीबरोबर कायद्यानें सांगितलेलें प्रमाणपत्र नव्हतें. पुनःपुन्हा मागूनही अधिकाऱ्यांकडून तें मिळालें नाहीं. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील खंडपीठानें २०१७ सालीं निवडणूक रद्द ठरविली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. खोतकर विरुद्ध गोरंट्याल ह्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या ह्या खटल्यांत १४ जुलै २०२० रोजीं तीन न्यायमूर्तींनीं नियम स्पष्ट केला. मूळ यंत्रच न्यायालयापुढें आणलें तर प्रमाणपत्र नको. प्रत आणली तर तें हवेंच. मात्र पक्षकारानें सर्व प्रयत्न करूनही तें देणाऱ्यांनीं दिलें नाहीं, तर अशक्य गोष्टीची सक्ति त्याच्यावर करतां येणार नाहीं.

१ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमांत हें प्रमाणपत्र अधिक कडक झालें आहे. त्याचे दोन भाग असून एक पक्षकारानें व दुसरा तज्ज्ञानें भरावयाचा असतो, आणि त्यांत फाइलीची हॅश नांवाची संख्या लिहावयाची असते. हॅश म्हणजे फाइलीच्या सर्व अंकांवरून गणितानें काढलेला तिचा अंगठा. चित्रांतील एक ठिपका किंवा पोटांतील तारखेचा एक अंक बदलला, तरी हा अंगठा सर्वस्वी निराळा येतो. त्याची मर्यादाही ध्यानांत ठेवली पाहिजे. अंगठा घेतल्यानंतर फाइल बदलली नाहीं, एवढेंच तो सांगतो. त्यापूर्वीं काय झालें तें त्याला ठाऊक नसतें. खोटी इलेक्ट्रॉनिक नोंद तयार करून ती खरी म्हणून वापरणें हा भारतीय न्याय संहितेप्रमाणें गुन्हा आहे, हेंही येथें सांगितलें पाहिजे.

चित्र काढतांनाच मोहोर उठविण्याचे प्रयत्नही झाले आहेत. कॅनन कंपनीनें आपल्या कॅमेऱ्यांत अशी सोय केली होती; २०१० सालीं एका रशियन कंपनीनें ती मोहोर बनावट करतां येते हें सिद्ध केलें. २०२१ सालीं अडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी वगैरे संस्थांनीं एकत्र येऊन सीटूपीए नांवाचा नवा नियम आंखला. त्यांत चित्र कोठून आलें आणि त्यांत कोणते बदल झाले, ह्याची साखळी चित्राबरोबरच चालते. २०२३ सालीं लायका कंपनीनें ही सोय असलेला कॅमेरा बाजारांत आणला. ह्या नियमाची विशेष गोष्ट अशी कीं, तो दुरुस्तीस मनाई करीत नाहीं; केलेली दुरुस्ती नोंदवून ठेवा, एवढेंच मागतो. जुन्या दप्तरांतही रीत हीच होती. चुकलेला शब्द खरवडून काढीत नसत. त्यावर रेघ मारून शेजारीं शुद्ध शब्द लिहीत आणि खालीं सही करीत.

ह्यावरून घरीं व कारखान्यांत पाळावयाची रीत सहज निघते. मूळ चित्रास हात लावूं नये. तें आहे तसें वेगळें ठेवावें, आणि करावयाची ती दुरुस्ती प्रतीवर करावी. बाहेर जाणाऱ्या प्रतींतून ठिकाण काढून टाकण्यास हरकत नाहीं. तो प्रत्येकाचा हक्क आहे. वेळ दुरुस्त केली तर ती कितीनें व कां केली, हें वर्णनाच्या रकान्यांत किंवा वहींत लिहून ठेवावें. जें ठाऊक नाहीं तें लिहूं नये. आणि चित्र मागणाऱ्या मोठ्या कारखान्यानेंही हें ओळखावें कीं, नोंदींतील प्रत्येक विसंगति म्हणजे लहान पुरवठादाराची लबाडी नव्हे. पत्र्याची शेड आणि चुकलेलें घड्याळ ह्यांनाही आपली बाजू मांडूं द्यावी.

ह्या पट्ट्यांतील प्रत्येक चांगल्या वर्कशॉपांत मायक्रोमीटर आणि व्हर्नियर ठराविक मुदतीनें तपासून घेतात, आणि त्यांचें प्रमाणपत्र जपून ठेवतात. न तपासलेल्या मापानें घेतलेलें माप तेथें कोणी स्वीकारीत नाहीं. ज्या कॅमेऱ्याच्या शब्दावर मालाचें बिल आणि माणसाची हजेरी ठरावयाची, त्याचें घड्याळही त्याच शिस्तीनें दर महिन्यास तपासून तशी नोंद ठेवावी. त्यास खर्च कांहींच नाहीं, पांच मिनिटांचें काम आहे; आणि वादाच्या दिवशीं तीच नोंद प्रामाणिक मनुष्याच्या बाजूनें उभी राहील.